गुलाबाचे नाव, व्यापाऱ्याची पत

यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या बाजारात आपण रोपवाले ‘लाल गुलाब’, ‘पिवळा गुलाब’ एवढेच सांगून कलमे विकतो. पण रंग म्हणजे जातीचे नाव नव्हे. शिवाय एकाच जातीला दोन नावे असतात. आपला शेंदरी ‘सुपर स्टार’ अमेरिकेत ‘ट्रॉपिकाना’. तिकडे १९४५ साली ‘पीस’ नाव मिळालेला पिवळा गुलाब जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’. म्हणून कळी, पाकळ्या, वास, काटे व पाने एकत्र पाहूनच जात ठरवावी.

डोळा भरलेल्या जागेखालून आलेला फुटवा खुंटाचा असतो. तो काढला नाही तर गिऱ्हाइकाच्या अंगणात भलतेच फूल उमलते आणि आपली पत जाते. डोळा भरतानाच नावाची चिठ्ठी बांधू या. नाव ठाऊक नसेल तर तसे सांगूनच विकू या.