समूहाचे गणित आणि माणसाचे मोल : आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ कादंबरीमाला

विज्ञान-कादंबरी म्हटली की अग्निबाण, परग्रहांवरील विचित्र प्राणी आणि किरणांच्या बंदुका एवढेच चित्र आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. हा प्रकार शाळकरी मुलांसाठी आहे असे समजून गंभीर वाचक त्याकडे सहसा वळत नाही. आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ ही कादंबरीमाला मात्र या समजुतीला धक्का देते. तिच्या पहिल्या तीन पुस्तकांत परग्रहांवरील प्राणी नाहीत, लढायांची वर्णनेही बेताचीच आहेत. आहेत ती माणसे, त्यांचा व्यापार, त्यांचे राजकारण आणि एक मोठा प्रश्न : माणसांच्या समूहाचे भवितव्य जर गणिताने आधी सांगता आले, तर एकट्या माणसाच्या कर्तृत्वाला काय अर्थ उरतो? वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर हा प्रश्न फारच जवळचा वाटतो.

लेखक आणि मालिकेचा जन्म

असिमोव्ह यांचा जन्म १९२० साली रशियात झाला. १९२३ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वडिलांनी गोळ्या-चॉकलेटे व मासिके विकण्याचे दुकान थाटले. त्या दुकानातील मासिकांतूनच मुलाला विज्ञानकथांची गोडी लागली. १९४१ च्या ऑगस्ट महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणारा हा एकवीस वर्षांचा तरुण संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या भेटीला निघाला असताना, एका लयाला जाणाऱ्या आकाशगंगाव्यापी साम्राज्याची कल्पना त्याला सुचली. गिबन या इतिहासकाराचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथ त्याने दोनदा वाचलेला होता. रोमचे जे झाले तेच ताऱ्यांच्या साम्राज्याचे होईल, हे बीज तेथून आले.

पहिली कथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकात मे १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९५० पर्यंत एकामागून एक कथा येत राहिल्या. त्यांचीच पुढे तीन पुस्तके झाली : ‘फाउंडेशन’ (१९५१), ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ (१९५२) आणि ‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३). १९६६ साली विज्ञानकथांच्या क्षेत्रातील ह्यूगो पुरस्कार ‘आजवरची सर्वोत्कृष्ट मालिका’ म्हणून हिला मिळाला. सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर वाचकांच्या व प्रकाशकांच्या आग्रहाने असिमोव्ह पुन्हा या विषयाकडे वळले आणि आणखी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील शेवटची, त्यांच्या निधनानंतर, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली.

कथेचा पट

बारा हजार वर्षे टिकलेले साम्राज्य, त्यात माणसांनी वसवलेले अडीच कोटी ग्रह, आणि ट्रँटर ही राजधानी. हा सबंध ग्रहच एक शहर आहे. चाळीस अब्ज माणसे तेथे राहतात आणि त्यांचे अन्न बाहेरच्या ग्रहांवरून येते. वैभवाच्या या शिखरावर हारी सेल्डन नावाचा गणिती सांगतो की साम्राज्य आतून पोखरले आहे आणि ते कोसळणार. त्यानंतर तीस हजार वर्षांचे अंधारयुग येईल. पडझड थांबवता येणार नाही, परंतु योग्य उपाय योजल्यास अंधाराचा काळ एक हजार वर्षांवर आणता येईल.

यासाठी तो आकाशगंगेच्या टोकाला, टर्मिनस या ग्रहावर, सुमारे एक लाख माणसांची वसाहत स्थापतो. तेथे मानवी ज्ञानाचा कोश तयार करायचा असे वरकरणी सांगितले जाते. हीच ‘फाउंडेशन’. ग्रह दरिद्री, धातूंची वानवा, शेजारी बलाढ्य व उद्दाम. प्रत्येक काही दशकांनी संकट येते आणि त्या त्या वेळी मार्ग एकच उरलेला असतो. तो कोणता, हे ओळखणारा माणूस पुढे येतो.

हे मार्ग पाहण्यासारखे आहेत. पहिल्या संकटात महापौर सॅल्व्होर हार्डिन चार शेजारी राज्यांना एकमेकांचा धाक घालून गाव वाचवतो. दुसऱ्यात विज्ञानालाच धर्माचे रूप देऊन शेजाऱ्यांवर पकड बसवली जाते. तिसऱ्यात धर्माची जागा व्यापार घेतो. होबर मॅलो हा व्यापारी कोरेल नावाच्या राज्याला अणुशक्तीवर चालणारी घरगुती उपकरणे व कारखान्यांतील यंत्रे विकतो. पुढे कोरेल युद्ध पुकारते, तेव्हा मॅलो हल्ला करीत नाही, फक्त माल पाठवणे बंद करतो. हळूहळू स्वयंपाकघरातील उपकरणे बंद पडतात, मग कारखाने बंद पडतात, घराघरांत कुरबुर सुरू होते, आणि सुमारे तीन वर्षांत न लढताच कोरेल शरण येते. परावलंबी बाजारपेठ म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा या एका प्रकरणातून अधिक चांगले समजते.

सायकोहिस्टरी : मोठ्या संख्येचे शास्त्र

सेल्डनच्या शास्त्राला असिमोव्ह यांनी ‘सायकोहिस्टरी’ असे नाव दिले आहे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी असल्याने त्यांना वायूचे उदाहरण सुचले. वायूतील एखादा रेणू कोठे जाईल हे सांगता येत नाही, परंतु असंख्य रेणूंच्या समुदायाचा दाब आणि तापमान यांचे नियम मात्र पक्के असतात. आपल्याला विम्याचे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. अमुक एक गृहस्थ केव्हा दगावेल हे कोणतीही विमा कंपनी सांगू शकत नाही. परंतु एकाच वयाच्या एक लाख माणसांपैकी वर्षभरात साधारण किती दगावतील, याचा अंदाज मृत्युसारणीवरून बांधता येतो आणि त्यावरच हप्ता ठरतो. संख्या जितकी मोठी, तितका अंदाज खरा. सेल्डनने हेच तत्त्व इतिहासाला लावले.

मात्र त्याच्या शास्त्राला दोन अटी आहेत. समूह फार मोठा हवा, ही पहिली. त्या समूहाला आपले भाकीत ठाऊक असता कामा नये, ही दुसरी. दुसऱ्या अटीचे मर्म आपण बाजारात पाहतो. साखर महागणार अशी नुसती वार्ता पसरली तरी लोक दोन महिन्यांची साखर आजच भरून ठेवतात, आणि भाव आजच चढतो. भाकिताने माणसाचे वागणे बदलते आणि मग भाकीतच बदलते. पॉल क्रूगमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञास २००८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. किशोरवयात ही पुस्तके वाचून आपल्याला सायकोहिस्टरीचे अभ्यासक व्हावेसे वाटले आणि त्याच्या सर्वांत जवळचे म्हणून अर्थशास्त्र निवडले, असे त्यांनी सांगितले आहे.

लेखकाने स्वतःच घेतलेली परीक्षा

येथपर्यंतची कथा वाचून कोणी म्हणेल, मग सगळे ठरलेलेच आहे, माणसाने हातपाय हलवावेत कशाला? असिमोव्ह यांचे मोठेपण असे की त्यांनी ही शंका वाचकाच्या आधी घेतली. दुसऱ्या पुस्तकात ‘म्यूल’ नावाचा एक माणूस अवतरतो. जन्मजात विलक्षण शक्तीमुळे तो इतरांच्या भावना हव्या तशा बदलू शकतो. शत्रूचा सेनापती त्याच्यापुढे आला की त्याचा भक्तच होऊन बसतो. सेल्डनच्या समीकरणांत अशा एकट्या माणसाला जागाच नव्हती. टर्मिनसचे नागरिक संकटसमयी सेल्डनची ध्वनिचित्रित प्रतिमा ऐकावयास जमतात, तर ती प्रतिमा भलत्याच संकटाविषयी बोलू लागते! शतकानुशतके ज्या योजनेवर विसंबून राहिलो ती चुकली, हे ऐकणाऱ्यांना त्या क्षणी कळते. मालिकेतील सर्वांत थरारक प्रसंग हाच. आणि या म्यूलच्या विजयाला पहिला अडसर घालते तीही एक व्यक्तीच, बेटा नावाची एक नवविवाहित तरुणी. तिच्याजवळ ना सैन्य, ना सत्ता. आहे तो फक्त चांगुलपणा आणि जागे डोके. कसे, ते वाचकाने पुस्तकातच पाहावे.

मला या मालिकेत अधिक अस्वस्थ करते ती दुसरी अट. लोकांचे भले व्हावे म्हणून त्यांना अंधारात ठेवणे कितपत न्याय्य आहे? टर्मिनसवर आलेल्या माणसांना ज्ञानकोशाचे निमित्त सांगितले गेले. ते केवळ निमित्त होते हे पन्नास वर्षांनी कळले. योजनेची राखण करणारे मानसशास्त्रज्ञ तर कायम पडद्याआड राहतात. योगायोग असा की ‘फाउंडेशन’ पुस्तकरूपाने आले त्याच १९५१ साली आपल्या देशाची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. २०१७ पर्यंत अशा बारा योजना झाल्या. त्यांतही आकडेमोड होती, भवितव्याचे अंदाज होते. परंतु त्या छापल्या गेल्या, त्यांवर संसदेत चर्चा झाली, टीका झाली, उद्दिष्टे चुकली तेव्हा तेही लोकांना कळले. अशी योजना सेल्डनच्या योजनेइतकी अचूक होणार नाही हे उघड आहे. पण ज्यांच्यासाठी ती आखली, त्यांना ती नाकारण्याचा अधिकार राहतो. अचूकता आणि हा अधिकार यांतून एक निवडावयाचे झाल्यास मी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहीन. १९८२ च्या ‘फाउंडेशन्स एज’ या कादंबरीत असिमोव्ह यांनीही सेल्डनच्या योजनेवर संशय घेणारा नायक उभा केला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उणिवा आणि शिफारस

मालिकेत उणिवा नाहीत असे नाही. प्रारंभीच्या कथांत स्त्रीपात्रे जवळजवळ नाहीत. पात्रे बोलतात पुष्कळ, आणि महत्त्वाच्या घटना पुष्कळदा संवादांतूनच कळतात. निसर्गवर्णन वा भाषेचा साज शोधणाऱ्याची निराशा होईल. परंतु सोपी, सरळ इंग्रजी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यालाही ती शब्दकोशाच्या थोड्या मदतीने वाचता येते. पुस्तके प्रसिद्धीच्या क्रमानेच वाचावीत, म्हणजे १९५१ चे पहिले. आणि मूळ इंग्रजी असल्याने या अंकाच्या मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांतील वाचकांना ती एकत्र वाचून वादही घालता येईल.

संख्याशास्त्र आपल्याला सरासरी शिकवते, आणि ती शिकलीच पाहिजे. मात्र सरासरी काढताना ज्यांची बेरीज होते ती सगळी माणसेच असतात, आणि त्यांतली एखादी बेटा केव्हा उत्तर बदलून टाकील हे कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नसते.