सावकाराची वही आणि घराचा उंबरठा

'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपण म्हणतो. पैशाची गोष्ट चारचौघांत काढू नये, हा आपल्याकडचा रिवाज. परंतु कोणाची मूठ झाकलेली राहावी आणि कोणाची उघडी पडावी, हे पुष्कळदा कायदा ठरवतो. आपल्या सातारा-सांगली भागाच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण सापडते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सप्टेंबरात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील कुकरूड येथेही तसाच प्रकार घडला. (हे गाव आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात येते.) लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खते-रोखे हिसकावायचे आणि जाळायचे! असे का? कुणबी निरक्षर. रोख्यावर सहीच्या जागी नांगराची निशाणी. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, हे सारे सावकाराच्या वहीत. आणि ती वही कुळाला वाचता येत नसे. म्हणजे कुळाच्या संसाराचा हिशेब हे सावकाराचे गुपित होते. कोर्टात निशाणी दाखवली की हुकूमनामा होई, तोही पुष्कळदा एकतर्फी.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्यात घेतले. (शेजारच्या सांगली, मिरज, जत येथे संस्थानिकांचा अंमल, तिथे तो आपोआप लागू नव्हता.) या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला लावले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. शिवाय शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे, असे ठरले.

या शेवटच्या तरतुदीची किंमत मात्र होती. लेकीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज आता सरकारी माणसासमोर सांगावे लागे. अब्रूला जपणाऱ्या घराला ते जड गेले असणार. तरीही माझ्या मते सौदा वाईट नव्हता. जी गुप्तता एकट्या सावकाराच्या कामी येत होती, तीच मोडली.

वही उघडणारा कायदा घराचे दार मात्र राखतो, हे अनेकांस ठाऊक नसते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पाहावे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने (म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र) यांवर जप्ती येत नाही. शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढी सुटतात. कलम ६२ तर सांगते की, जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात ही ओळ वाचून मला नवल वाटले.

आता सावकार मोबाइलमध्ये आला आहे. तिथे वही तर झाकलेली असतेच, पण कर्जदाराच्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबरही त्याच्या हाती पडतात आणि हप्ता चुकला की मामाला, मास्तरांना फोन जातात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधील नंबरांच्या यादीला, फोटोंना हात लावण्यास मनाई केली. चोरून धंदा करणारे तिला कितपत जुमानतात, हा भाग निराळा.

गावातल्या सावकारासाठी राज्याचा २०१४ चा कायदा आहे. हिशेबाची प्रत कर्जदाराला देणे त्याने सावकारावर बंधनकारक केले आहे. चक्रवाढ व्याज घेता येत नाही. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन मागील १५ वर्षांतली असेल तर परत मागता येते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. पण अर्ज करायचा म्हणजे आपण कर्जात आहोत हे आधी लिहून द्यायचे, आणि पुष्कळांचे पाऊल तिथेच अडखळते.