ढोल-ताशांच्या पथकाचा ताल

गेल्या भाद्रपदात शिरूरच्या बाजारपेठेतून ढोल-ताशांचे एक लांबलचक पथक जात असता आम्ही काही विद्यार्थ्यांसह एका दुकानाच्या पायरीवर उभे होतो. आठवीतील एक मुलगा म्हणाला, "सर, पुढचे ढोल बरोबर वाजतात, मागचे चुकतात." थोड्या वेळाने पथकाची शेवटची रांग आमच्यासमोर आली, तेव्हा तोच म्हणाला, "आता मागचे बरोबर आहेत, पुढचे चुकतात!" बाकीची मुले हसली, परंतु त्या मुलाचे ऐकणे अगदी खरे होते, आणि वादकांपैकी कोणीही चुकत नव्हते.

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. पथकाची लांबी ३४ मीटर धरली, तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकास एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. ताशावर सेकंदास आठ आघात पडत असतील, तर दोन आघातांमधील काळ एक अष्टमांश सेकंद, म्हणजे एवढ्याच मानाचा होय. आपण ज्या टोकाशी उभे राहू, तेथील ढोल आपणांस वेळेवर ऐकू येतो व दूरचा मागे पडलेला भासतो. मागच्यांनी केवळ कानावर विसंबून पुढच्यांचा ताल धरला असता, तर शेवटच्या रांगेजवळ दोन्ही एकत्र ऐकू आले असते. तसे झाले नाही, यावरून पथक खरोखर एकत्र वाजत होते असे ठरते.

हे साधते कसे? पथकाचा कारभार ताशाच्या हाती असतो. ताशा हे धातूच्या उथळ भांड्यावर पान ताणून केलेले वाद्य. ते गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवितात. त्याचा तीक्ष्ण आवाज ढोलांच्या गजरातूनही निराळा उमटतो. ढोल कमरेस बांधून एका बाजूस टिपरू व दुसऱ्या बाजूस हाताची थाप देतात. झांज आणि टोल यांची साथ असते. ताशा 'हात' बदलतो आणि ढोल त्यामागे जातात. ताशेवाले मधोमध उभे केले म्हणजे ध्वनीचा प्रवास निम्म्यावर येतो. शिवाय प्रमुख वादक हात उंच करून खूण करितो, ती डोळ्यांस तत्क्षणी दिसते. म्हणून नवख्या ढोलवाल्याने आपल्या टिपरूकडे पाहू नये, ताशाकडे पाहावे.

ताशा, ढोल व झांज यांचा असा मेळ केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. १८४५ पासून हिंदुस्थानातून त्रिनिदाद बेटावर मजूर गेले, त्यांच्या वंशजांत तो आजही आहे. मोहरमात व लग्नात तो वाजतो. आपल्या प्रांती मुळशी, मावळ, वेल्हे या भागांतील गावकऱ्यांचा ढोल पुण्याच्या मिरवणुकीत पूर्वीपासून येत असे. पुढे ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांनी आपली पथके काढली, आणि ढोल शाळकरी मुलामुलींच्या कमरेस आला. ही गोष्ट आम्हांस शिक्षक या नात्याने विशेष वाटते.

आता संख्येविषयी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातील एका पथकात ३० पेक्षा अधिक वादक नसावेत असा निर्बंध घातला; १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. गावात यावर पुष्कळ वाद झाला, पण गणित कोणी मांडले नाही. सारख्या आवाजाचे ३० ढोल ६० केले, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानास तो थोडाच मोठा वाटतो. "मग बिघडले काय?" असे मुले विचारतात. बिघडते ते असे : ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासपर्यंत सोसण्याजोगा मानितात, आणि दर ३ डेसिबल वाढीस ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पाव तासावर येते, आणि पथकाजवळ आवाज त्याहूनही वर जातो. कानास जी वाढ थोडी वाटते, तिने कानाची मुदत अर्धी केलेली असते.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट केले की लहान उगमाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत दोहों बाजूंच्या भिंती तो परतवितात, म्हणून तेथे मागे सरून तितका लाभ होत नाही. त्या दिवशी आम्ही अर्धा तास पायरीवरच उभे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या कानांत घूं घूं चालले होते. वर्गात हे सर्व गणित शिकविणाऱ्याने असे करावे, याचे मुलांना फार नवल वाटले.

घोडनदीच्या काठी किंवा अन्यत्र तालमीस जाणाऱ्या मुलांच्या पालकांस एवढेच कळवितो की, कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे, दाबून कानात बसविण्याचे फोमचे बोळे घ्यावेत. ते घातल्यावरही ताशा स्पष्ट ऐकू येतो. आम्ही पुढच्या मिरवणुकीत घालून पाहिले आहेत.