निसर्गचित्रांतील वास्तू आणि सत्ता

थॉमस डॅनियल व त्यांचे पुतणे विल्यम हे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये भारतात आले. १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या संग्रहात १४४ चित्रे आहेत. त्यांतील वेरूळची २४ चित्रे जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून तयार झाली.

या संग्रहात मंदिरे व किल्ले भव्य दिसतात. पायथ्याची माणसे मात्र लहान. त्यामुळे वास्तूची उंची डोळ्यांत भरते. भग्न भिंतींवर वाढलेली झाडे जुन्या राजसत्तांचा अस्त सुचवितात आणि कंपनी सरकारचे वर्चस्व जणू स्वाभाविक ठरते. तरीही पुढे नष्ट झालेल्या काही वास्तूंचे रूप याच चित्रांनी जतन केले. म्हणून शिक्षकांनी वास्तू कोणी बांधली, याबरोबरच चित्र कोणासाठी काढले, हेही विद्यार्थ्यांना विचारावे.