खाडी, कलम आणि कासव : सृष्टीपासून शिकावे कसे?

शास्त्रपाठ : स्तोत्र १९:१-६, मत्तय ६:२६-३०, रोम ११:१७-२४, याकोब १:२१, लूक १३:१-५.

आमच्या प्रभूने जे शिकविले, त्यातील पुष्कळ उघड्या आकाशाखाली शिकविले. पेरणारा, जाळे, खमीर, मोहरीचा दाणा, हरवलेले मेंढरू, ह्या सर्व वस्तू त्याच्या श्रोत्यांच्या नित्याच्या ओळखीच्या होत्या. पाखरांकडे व रानफुलांकडे पाहा, असे त्याने सांगितले, तेव्हा ते पाहण्यास कोणास पैसा खर्चावा लागला नाही, की पाटीपुस्तक लागले नाही. ह्यावरून खेड्यातील ख्रिस्ती मनुष्याने मोठे समाधान मानावे. ज्यास अक्षरे थोडी येतात त्याच्याही दारात देवाने एक पुस्तक उघडून ठेविले आहे.

परंतु हे पुस्तक वाचताना दोन चुका होतात. काही बंधू नव्याने विश्वासात आल्यावर सृष्टीकडे पाहण्यास भितात. नारळी पौर्णिमेस शेजारी समुद्रास नारळ अर्पण करितात. तेव्हा समुद्राकडे आदराने पाहिले तर आपण पुन्हा जुन्या वाटेस लागू, असे त्यांस वाटते. दुसरे काही असे आहेत की त्यांस प्रत्येक काटक्यात व खड्यात उपदेश दिसतो; वस्तू नीट न पाहताच ते तिचा दृष्टांत करितात. पहिल्यांस आम्ही सांगतो की, सृष्टी देव नव्हे, पण ती मुकीही नव्हे; एकोणिसावे स्तोत्र वाचा. दुसऱ्यांस सांगतो की, आधी वस्तू खरी जशी आहे तशी पाहा, मग ती पवित्र शास्त्राशी ताडून पाहा, आणि मग तिने तुमच्याकडून काय करविले पाहिजे ते पाहा. ह्या तीन पायऱ्या सोडून जो धडा काढील, तो शेजाऱ्यास दुखवील. हे कसे, ते पुढे दिसेल.

आज आपण रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगड ह्या गावास आपली शाळा करू. ज्या वाचकांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करितो. सह्याद्रीत लांजे तालुक्यातील माचाळाच्या बाजूस उगम पावणारी मुचकुंदी नदी ह्या ठिकाणी अरबी समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तरेस टेकडीवर एक लहानसा गड आहे, तोच पूर्णगड. दक्षिणेस गावखडी व तिचा लांब वाळूचा किनारा. मध्ये खाडी आहे व तिच्यावर आता पूल आहे. मासेमारी, भातशेती आणि आंब्याच्या बागा ह्यांवर ह्या भागातील पुष्कळ लोकांचा चरितार्थ चालतो.

पहिला धडा : भरती आणि ओहोटी

खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून कोकणातील वृद्ध लोक पंचांगातील तिथीस पाऊणने गुणून भरतीची वेळ काढितात. चतुर्थी असेल तर सुमारे तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सुमारे सहा वाजता. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी फार चढते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो, त्यास भांग म्हणतात. कोकणच्या अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते. तेथे ओहोटीच्या वेळी होडी रुतण्याचे भय असते. म्हणून तांडेल पाण्याची वाट पाहतो.

आता वस्तू नीट पाहा. ओहोटीत चिखलावर कलंडलेली होडी फुटलेली नाही, व तिला कोणी टाकूनही दिलेले नाही. तांडेल ओरडला म्हणून पाणी चढत नाही; ते चंद्रसूर्याच्या ओढीने चढते, आणि त्या ओढीवर त्याची सत्ता नाही. परंतु तो त्या वेळी निजूनही राहत नाही. तो जाळ्याची भोके सांधतो, होडीच्या फटी बुजवितो, दोर पाहतो. प्रभूने याकोब व योहान ह्यांस बोलाविले तेव्हा तेही होडीत जाळी नीट करीत होते, असे मार्काने लिहिले आहे (मार्क १:१९).

पुष्कळ विश्वासू जनांच्या आयुष्यात असा काळ येतो की प्रार्थनेत मन लागत नाही, गीत गाताना कंठ कोरडा राहतो, मंडळीत चारच माणसे जमतात. अशा वेळी, देवाने आपणांस सोडिले, असे मानू नका. बेचाळिसावे स्तोत्र रचणाऱ्यासही असेच वाटले होते, आणि तरी त्याने आपल्या जिवास आशा धरण्यास सांगितले. मात्र ओहोटीचे काम ओहोटीत करा. कोणाशी अबोला असेल तर तो मोडा. मुलांस अक्षरे शिकवा. आजाऱ्याच्या घरी जा. भरती येईल तेव्हा जाळे फाटके असेल, तर पाणी येऊनही काय उपयोग?

दुसरा धडा : आंब्याचे कलम

हापूस आंब्याची कोय पेरिली तर तिच्यापासून हापूसच मिळेल असा भरवसा नाही. म्हणून कलम बांधावे लागते. पावसाळ्याच्या आरंभी साध्या रायवळ आंब्याच्या कोया रुजत घालितात. रोप कोवळे व तांबूस पानांचे असतानाच त्याचा शेंडा छाटून देठास उभी चीर देतात, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवितात, आणि वरून पट्टी घट्ट बांधितात. ह्यास कोयकलम म्हणतात. खाली मूळ रायवळाचे, वर फळ हापूसचे.

येथे उपदेशक बंधूंनी सावध असावे. कलम म्हटले की रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आपणांस तत्काळ आठवतो. पण तेथे पौलाने सांगितलेली रीत ह्याच्या उलट आहे. तेथे रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनास लाविली आहे, आणि असे करणे सृष्टिक्रमाच्या विरुद्ध आहे हेही तो स्वतः सांगतो. त्याचा बोध हा की, फांदीने गर्व करू नये; ती मुळास धरीत नाही, मूळ तिला धरिते. आमच्या बागेतील कलमास अधिक जुळणारे वचन याकोबाचे आहे. अंतःकरणात रोपिलेले वचन नम्रतेने स्वीकारावे, असे तो म्हणतो (याकोब १:२१). तेथे चांगली काडी वरून येते, आणि खुंट आपला असतो.

ह्यापासून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, माळी खुंट उपटून टाकीत नाही. आमची मराठी भाषा, आमची ओवी व अभंग, आमचे कीर्तन, आमची कष्टाळू शेतकरी रीत ही मुळे ह्याच भूमीतील आहेत. ख्रिस्ती होण्यासाठी ती तोडावी लागत नाहीत. नारायण वामन टिळक ह्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१९ साली मरण पावेपर्यंत त्यांनी अभंग व कीर्तन ही जुनी साधने प्रभूच्या सेवेस लाविली. मूळ देशी राहिले. फळ मात्र नवे आले.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. कलम धरल्यावरही जोडाच्या खालून खुंटास फूट येते. रायवळ काटक असतो. त्याची फूट जोमाने वाढते. माळ्याने ती वेळोवेळी खुडिली नाही तर खालचा रस तीच ओढून घेते, आणि वरची काडी सुकते. झाड हिरवे दिसते, पण ते हापूसचे राहत नाही. आमच्या मंडळ्यांत अशी फूट कोणती? बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या, आणि तरी लग्नाच्या पंगतीस कोण कोणाच्या शेजारी बसतो हे जुन्या जातीवरून ठरते, तर ती फूट होय. प्रभूच्या मेजाशी एकत्र बसून मग विहिरीवर वेगळे उभे राहणे, ही फूट होय. ती एकदा खुडून संपत नाही. दर पावसाळ्यात पाहावी लागते. हिरवेपणा पाहून निश्चिंत राहू नका, फळ पाहा.

तिसरा धडा : वाळूतील पिले

खाडीपलीकडे गावखडीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री समुद्रातून कासविणी येतात. ह्या जातीस ऑलिव्ह रिडले म्हणतात. मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खड्डा करिते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालिते, वाळू सारखी करिते, आणि समुद्रात परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वाळूतून वर येतात. त्यांस वाट दाखविण्यास आई तेथे नसते. पूर्वी कोकण किनाऱ्यावर लोक ही अंडी उकरून नेत असत. २००२ सालापासून जिल्ह्याच्या उत्तर टोकास वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने ग्रामस्थांसह संरक्षणाचे काम चालविले. पुढे गावखडीसारख्या इतर किनाऱ्यांवरही अंडी कुंपणात राखून पिले समुद्रात सोडण्याची रीत पडली.

पिले समुद्राकडे कशी जातात? रात्री किनाऱ्यावर माणसाने लाविलेले दिवे नसतील तर जमिनीच्या काळोखापेक्षा समुद्रावरील आकाश अधिक उजळ असते. त्या उजेडाकडे ती धावतात. परंतु किनाऱ्यावर कोणी प्रखर दिवा लाविला तर ती उलट फिरून त्याच्याकडे जातात, आणि दमून, सुकून किंवा कुत्र्याकावळ्यांच्या तोंडी पडून मरतात. तो दिवा वाईट हेतूने लाविलेला असतो असे नाही. कित्येकदा पिले पाहण्याच्या कौतुकानेच कोणी विजेरी पेटवितो.

आपल्यात जो प्रकाश आहे तो अंधार तर नाही ना, हे पाहावे, असे प्रभूने बजाविले आहे (लूक ११:३५). हे वचन आम्ही आधी स्वतःस लावितो, मग उपदेशक व शिक्षक बंधुभगिनींस. नवा विश्वासी वाळूतून नुकत्याच वर आलेल्या पिलासारखा असतो. जे उजळ दिसेल तिकडे तो धावतो. आम्ही स्वतःच्या वक्तृत्वाचा, मानाचा किंवा आपल्या पंथाच्या मोठेपणाचा दिवा मध्ये धरिला, तर तो आमच्याकडे येईल, ख्रिस्ताकडे जाणार नाही. लहानांपैकी एकास अडखळविणे ही किती भयंकर गोष्ट आहे, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात वाचावे. कधी कधी शिक्षकाचे उत्तम काम हेच असते की, त्याने आपला दिवा खाली करावा व बाजूस उभे राहावे.

जेथे धडा काढू नये

आता आरंभी सांगितलेल्या धोक्याकडे येतो. हाच समुद्र माणसे गिळतो. २००९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील होड्या बुडाल्या व मच्छीमार प्राणास मुकले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने ह्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोली व मंडणगड तालुक्यांत, माडापोफळींच्या जुन्या बागा आडव्या केल्या. माड पुन्हा लाविला तरी फळास येण्यास वर्षे लागतात.

अशा वेळी कोणी उपदेशक पडक्या घराच्या दारात उभा राहून, ‘हा देवाचा कोप आहे, तुमच्या पापाचे हे फळ आहे,’ असे म्हणू लागला, तर तो प्रभूचा शिष्य म्हणून बोलत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले, आणि ऐकणाऱ्यांस स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविले (लूक १३:४-५). जन्मांधाविषयी शिष्यांनी, पाप कोणाचे, असे विचारिले, तेव्हाही त्याने तो हिशोब नाकारिला (योहान ९:१-३). ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर त्यांनी बरे केले. तोंड उघडल्यावर त्यांनी दुःखावर दुःख घातले. एलीयास डोंगरावर प्रभू वाऱ्यात भेटला नाही, तर त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला (१ राजे १९:११-१२).

म्हणून वादळानंतरचा धडा तोंडाने सांगावयाचा नसून हातांनी करावयाचा आहे. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे न विचारता त्याच्या छपरावर कौले चढवा. तांदूळ नेऊन द्या. ज्या बाईचा धनी परत आला नाही तिच्याजवळ बसा, आणि रडणाऱ्यांबरोबर रडा (रोम १२:१५). तिने प्रश्न विचारिला आणि उत्तर सुचले नाही, तर ओढूनताणून उत्तर देऊ नका. होडी बुडू लागली तेव्हा शिष्यांनीही प्रभूस, तुला आमची काळजी नाही काय, असे विचारिले होते. तो त्यांस सोडून गेला नाही.

सारांश

सृष्टी ही देवाची साक्षीदार आहे. तिची साक्ष ऐकावी. पण न्यायाधीशाचे आसन तिला देऊ नये, आणि तिच्या नावाने आपणही त्यावर बसू नये. पाहिलेले खरे असावे, शास्त्राशी जुळावे, आणि त्यातून प्रीतीचे काम निघावे. ज्या धड्याने आमचे स्वतःचे मन नम्र होते तो बहुधा खरा असतो. ज्याने केवळ शेजाऱ्याचा दोष दिसतो तो पुन्हा तपासावा.

ज्यांच्या गावी खाडी नाही त्यांनी आपल्या गावची विहीर, मोट, जाते, ज्वारीचे कणीस किंवा मेंढवाडा घ्यावा. ह्या आठवड्यात प्रत्येक घराने अशी एकच वस्तू निवडावी, सात दिवस ती लक्ष देऊन पाहावी, आणि येत्या प्रभुवारी दोन वाक्यांत मंडळीस सांगावी.

विचारासाठी प्रश्न

१. आमच्या मंडळीत सध्या भरती आहे की ओहोटी? ओहोटी असल्यास कोणते जाळे सांधावयाचे राहिले आहे?
२. रोमकरांस पत्र ११:१७-२४ मधील कलम व आंब्याचे कलम ह्यांत भेद कोणता? प्रत्येकापासून काय शिकावे?
३. आमच्या घरात व पंगतीत जुन्या खुंटाची कोणती फूट अजून वाढत आहे?
४. आमचा दिवा लहानांस ख्रिस्ताकडे नेतो की आमच्याकडे वळवितो?
५. संकटात सापडलेल्या शेजाऱ्याजवळ आम्ही ह्यापूर्वी काय बोललो? काय करावयास पाहिजे होते?