घोरकष्टोद्धरण स्तोत्र : एका शब्दाचा हिशेब



आपल्यापैकी बहुतेक दत्तभक्तांना घोरकष्टोद्धरण स्तोत्र पाठ असणार. दर गुरुवारी आरती झाली की आपण ते म्हणतो, आणि खरं सांगायचं तर जरा घाईनेच म्हणतो. प्रसादाची वाटी समोर असते, कोणाला सुनेच्या ट्रेनच्या वेळेला घरी पोचायचं असतं, कोणाचे गुडघे दुखत असतात. पाच श्लोक आणि सहावी फलश्रुती, दोन-अडीच मिनिटांत सगळं होतं. मीही वर्षानुवर्षे असंच म्हणत आलो. अर्थ बघायची वेळ माझ्यावर आली ती एका प्रश्नामुळे. त्या प्रश्नाला कारण मीच होतो, म्हणून हा लेख.

आधी स्तोत्राबद्दल थोडं. प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचा जन्म 1854 सालचा, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे ते समाधिस्थ झाले. संन्यासानंतर सारा भारत पायी फिरले. या फिरण्यातच त्यांनी संस्कृत आणि मराठीत केवढं लिहून ठेवलं! दत्तपुराण, द्विसाहस्री गुरुचरित्र, सप्तशती गुरुचरित्रसार ही मोठी कामं, आणि स्तोत्रं तर किती! नरसोबाच्या वाडीला ऐकू येणारी मराठी करुणात्रिपदी त्यांचीच. घोरकष्टोद्धरण हे त्यांचं छोटं संस्कृत स्तोत्र. 1911 साली महाराजांचा चातुर्मास कुरवपूरला होता, तेव्हाची ही रचना. कुरवपूर म्हणजे रायचूर जिल्ह्यातलं कृष्णेच्या पात्रातलं बेट, श्रीपाद श्रीवल्लभांचं स्थान. म्हणून स्तोत्राचा पहिला शब्दच श्रीपादांना हाक मारणारा आहे.

आता प्रश्नाकडे येतो. आमची दहा-बारा जणांची मंडळी गुरुवारी संध्याकाळी चौकला एका घरी जमते. भाईंदर स्टेशनवरून चौकची बस पकडली की वस्ती विरळ होत जाते आणि शेवटी खाडी आणि समुद्र लागतो. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेण्याआधी जो धारावीचा किल्ला घेतला, तो इथलाच. समोर खाडीपलीकडे वसई. निवृत्त झाल्यावर मी या मंडळींत उच्चार शिकवायचं काम अंगावर घेतलं. शिक्षण बी. कॉम., नोकरी बँकेतली, पण शाळेत शंभर गुणांचं संस्कृत होतं आणि त्यात बरे गुण होते, एवढ्या भांडवलावर. लेजरमध्ये दुसऱ्याची चूक शोधून तिथे लाल टिकमार्क करायची तीस वर्षांची सवय. ती हात धुऊन माझ्या मागे आली होती. कोणी ‘व्याधि’ऐवजी ‘व्याधी’ म्हटलं की मी मध्येच थांबवायचो.

उच्चाराचं महत्त्व ठसावं म्हणून एकदा मी इंद्रशत्रूची गोष्ट सांगितली. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, पण ‘इंद्रशत्रु’ या शब्दातला स्वर चुकला. ‘इंद्राचा शत्रू’ म्हणजे त्याला मारणारा, असा अर्थ हवा होता; स्वर दुसऱ्या जागी पडल्यामुळे ‘इंद्र ज्याचा शत्रू’ असा अर्थ झाला आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींच्या महाभाष्यातही हे उदाहरण येतं. गोष्ट रंगली. मंडळी गंभीर झाली. मला बरं वाटलं.

आमच्यात एक वहिनी आहेत. त्यांचे यजमान माझे जुने स्नेही. गेल्या वर्षी ते आजारी पडले. वहिनींनी चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ घोरकष्टोद्धरण म्हटलं. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसूनही म्हटलं. यजमान गेले. त्यानंतर त्या गुरुवारी येईनाशा झाल्या. दोन महिन्यांनी मी घरी गेलो तर चहा पुढे ठेवत त्यांनी शांतपणे विचारलं, “भाऊजी, माझं ते ‘दुद्धरा’ तुम्ही किती वेळा दुरुस्त केलंत, पण मला शेवटपर्यंत जमलं नाही. त्या इंद्रशत्रूसारखं काही झालं असेल का हो?”

मला उत्तर देता आलं नाही. “असं काही नसतं वहिनी” असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. असं नसतं, पण कशावरून नसतं? गोष्ट तर मीच सांगितली होती. घरी येऊन स्तोत्राची पोथी काढली आणि पहिल्यांदा एकेक पद सोडवून वाचली.

पहिली गोष्ट अशी लक्षात आली की मी उदाहरणच चुकीच्या जागी वापरलं होतं. इंद्रशत्रूची गोष्ट वेदमंत्राची आहे. वेदात उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर असतात; पोथीत अक्षरांच्या वर-खाली रेघा दिसतात त्या त्याच. तिथे स्वर हा अर्थाचाच भाग असतो. स्तोत्राला तसे स्वर नसतात. स्तोत्र म्हणजे लौकिक संस्कृतातली, वृत्तात बांधलेली कविता. भक्ताने देवाशी बोलायचं, त्याची स्तुती करायची, गाऱ्हाणं घालायचं, ते अशा भाषेत. अष्टक, पंचक, कवच, सहस्रनाम असे त्याचे प्रकार पुष्कळ. उच्चार शुद्ध असावा हे खरंच, नाहीतर कवितेची चाल मोडते. पण स्वर चुकला म्हणून फळ उलटं फिरतं, हा नियम इथे लावणं म्हणजे सेव्हिंग खात्याला कर्जाचे नियम लावण्यासारखं आहे. ती चूक माझी.

दुसरी गोष्ट त्या ‘दुद्धरा’ची. हे पाच श्लोक शालिनी वृत्तात आहेत. एका चरणात अकरा अक्षरं, चौथ्या अक्षरानंतर विराम आणि मग सात. प्रत्येक श्लोकाचा शेवटचा चरण तोच आहे आणि त्यात हा विराम नेमका ‘कष्टात्’ या शब्दाच्या पोटात पडतो. ‘कष्टात्’मधला शेवटचा त् पुढच्या ‘उद्धर’मधल्या उ-ला भेटला की द् होतो आणि विरामाच्या पलीकडे जाऊन बसतो. म्हणून कानाला ‘दुद्धरा’ असा एक नवीनच शब्द ऐकू येतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो ‘दुर्धर’ वाटायचा. दुर्धर रोग म्हणतो ना आपण, तसा. म्हणजे वहिनींची चूक ही चूकच नव्हती. वृत्तच तसं तोडायला लावतं. पद सोडवून म्हणा: कष्टातून, उद्धर. झालं.

आणि तो शेवटचा ‘रा’? मराठी कानाला तो ‘उद्धरा हो महाराज’ असा आदरार्थी वाटतो. तसा तो नाही. ‘उद्धर’ आणि ‘अस्मान्’ यांची संधी होऊन तो दीर्घ झाला आहे. ‘अस्मान्’चा पहिला अ त्या ‘रा’मध्ये गिळला जातो आणि पुढे नुसतं ‘स्मान्’ उरतं. ‘अस्मान्’ म्हणजे ‘आम्हांला’. संधीत तो असा लपून बसतो की आयुष्यभर म्हणूनही आपल्याला तो दिसत नाही. मला तरी दिसला नव्हता. मी ते स्तोत्र नेहमी ‘मला सोडव’ असंच समजून म्हणत होतो. मुलाची नोकरी, माझं बायपास, घराचं कर्ज, प्रत्येक वेळी ‘मला’.

मग सवयीने पेन्सिल घेतली आणि मोजत गेलो. पाच धृपदांत पाच वेळा ‘आम्हांला’. दुसऱ्या श्लोकात ‘आमचा’ या अर्थी ‘नः’, संधी होऊन ‘नो’, दोनदा, तिसऱ्यात एकदा. एकूण आठ. आणि ‘मला’, ‘माझं’ किती? एकदाही नाही. पाच श्लोकांची मिळून दोनशे वीस अक्षरं, त्यात ‘मी’ कुठेच नाही. रोज संध्याकाळी चौकच्या घरांतून कोळी ख्रिस्ती शेजाऱ्यांची प्रार्थना ऐकू येते. त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रार्थनेतही देवाला ‘माझ्या बापा’ असं म्हणत नाहीत, ‘आमच्या’ म्हणतात. ज्यांची माणसं बोटीवर असतात त्यांना एकट्यापुरतं मागणं कदाचित सुचतच नसेल.

श्लोकांचा अर्थ थोडक्यात सांगतो. पहिल्यात हाक आहे, त्यातलं ‘भावग्राह्य’ हे संबोधन जरूर लक्षात ठेवा: भावाने ज्याला धरता येतं तो. उच्चाराने नव्हे. दुसऱ्यात नाती मोजली आहेत: आई, बाप, आप्त, धनी, सद्गुरू. तिसरा मला सगळ्यात जवळचा. त्यात काय काय दूर कर याची यादी आहे: पाप, ताप, व्याधी, आधी, दैन्य, भीती, क्लेश. यातला ‘आधी’ मराठीतला ‘अगोदर’ नव्हे. व्याधी शरीराची, आधी मनाची. महाराजांनी शरीराच्या दुखण्याशेजारीच मनाचं दुखणं ठेवलं आहे, आणि लगेच पुढे दैन्य. हॉस्पिटलचं बिल भरून आलेल्या माणसाला या तिन्हींचा संबंध सांगावा लागत नाही. याच श्लोकात ‘अस्तजूर्ते’ हा अडखळवणारा शब्द येतो. जूर्ति म्हणजे ज्वर. ज्याने तो घालवला असा. ‘अस्तमूर्ते’ म्हणू नका, त्याला अर्थ उरत नाही. (बघा, सवय जात नाही.)

चौथ्यात तुझ्यावाचून दुसरा तारणारा नाही, हे आहे. तिथला ‘अकहर्ता’ हा शब्द असा: क म्हणजे सुख, अक म्हणजे त्याच्या उलट, दुःख. ‘पूर्णराते’मधली राति म्हणजे देणं, दान, भरभरून देणारा. पाचव्यात मागणी आहे, आणि मागणीचा क्रम बघण्यासारखा आहे. धर्माची आवड, सद्बुद्धी, देवाची भक्ती, सत्संग; हे सगळं झाल्यावर भुक्ती, म्हणजे संसारातला भोग, आणि मुक्ती. संसार नाकारलेला नाही, पण रांगेत तो पाचवा आहे.

आता सहावा, फलश्रुतीचा श्लोक. तो शालिनीत नाही, अनुष्टुभात आहे, बत्तीस अक्षरांचा. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच शोधत होतो. फलश्रुतीत साधारणपणे काय असतं आपल्याला माहीत आहे. इतके पाठ केले की पुत्र, इतके केले की धन. इथे तसं काही नाही. पाठांचा आकडा नाही. रोग बरा होईल असं वचन नाही. म्हणणाऱ्यासाठी अटी दोनच: नियमाने म्हणावं आणि भक्तीने म्हणावं. फळ एकच: तो श्रीदत्ताला प्रिय होईल. स्तोत्राला ‘लोकमंगल’ वाढवणारं म्हटलं आहे, तिथेही ‘लोक’च, एकटा नाही.

मी मान्य करतो, पहिल्यांदा हे वाचून मला जरा फसल्यासारखं वाटलं. नाव घोरकष्टोद्धरण आणि शेवटी कष्ट जातील असं लिहिलेलंच नाही? श्लोकांमधून मागितलं मात्र आहे, प्रत्येक श्लोकात मागितलं आहे. मागायचं आपण, द्यायचं त्याने, आणि मधे कोणतीही पावती नाही. वहिनींनी चार महिने नियमाने आणि भक्तीने म्हटलं. दोन्ही अटी पूर्ण. उच्चाराची अट स्वामींनी घातलेलीच नाही; ती मी घातली होती.

हे सगळं मी दोन पानांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, श्लोक नीट पदं सोडवून लिहिले, आणि वहिनींना नेऊन दिलं. इंद्रशत्रूबद्दल माफीही मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. पानं देवघरात ठेवून दिली. यजमान का गेले, या प्रश्नाला माझ्या दोन पानांत उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते माझ्याकडून मागितलंही नाही.

तीन आठवड्यांनी गुरुवारी त्या आल्या. दाराजवळ बसल्या. आरती झाली, स्तोत्र सुरू झालं, त्या म्हणत होत्या की नुसत्या ऐकत होत्या ते मला कळलं नाही. मी त्या दिवसापासून मध्ये थांबवणं बंद केलं आहे. ज्याला अडेल तो नंतर विचारतो. प्रसाद वाटून झाल्यावर वहिनींनी पिशवीतून माझी ती पानं काढली. पेन्सिलने एका जागी गोल केला होता.

“भाऊजी, तुम्ही ‘आम्हांला’ आठ वेळा लिहिलंय. नऊ आहेत.”

मी चष्मा लावून पाहिलं. पहिल्याच श्लोकात, दुसऱ्या चरणात, ‘श्रीदत्त’ आणि ‘अस्मान्’ एकमेकांत मिसळून गेले आहेत. दत्ताच्या शेवटच्या अ-मध्ये आपला अ मिळाला आहे, म्हणून तो माझ्या नजरेतून सुटला. धृपदातले पाच, हा सहावा, आणि तीन ‘नो’. नऊच.

पुढच्या प्रती काढताना मी आकडा दुरुस्त केला आहे. यंदा दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला, त्या प्रती ठेवल्या जातील. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी घेऊन जाव्यात. वहिनींना विचारूनच हे लिहिलं आहे. फक्त नाव घालू नका म्हणाल्या.