भागाकाराला बसण्याआधी

चि. मुक्ता हिस,


तुझ्या वहीची पाने पाहिली. ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का, हे तपासायला तू ३, ७, ११ अशी ओळीने भागत सुटली आहेस. चिकाटी आवडली. पण याच वाटेने शेवटापर्यंत जायचे तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या पुढ्यात आहेत. म्हणून सांगतो, जरा थांब आणि ही संख्या आली कुठून ते बघ. ती आहे २ चा ३२ वा घात अधिक १. एवढी सुरेख घडण समोर असताना नुसत्या अंकांशी झुंजू नकोस.

घातांक १ पासून दुप्पट करत गेल्यावर मिळणाऱ्या, याच घडणीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही संख्या मूळ निघाल्या, म्हणून पुढच्याही असणार असे फर्माने १६४० मध्ये मानले. उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला असे तू कधी धरू नकोस. तिथे फर्मासारख्याचीही फसगत झाली. गोल्डबाखने १७२९ मध्ये पत्रातून ऑयलरचे लक्ष याकडे वेधले आणि १७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने दाखवून दिले की ही संख्या म्हणजे ६४१ × ६७००४१७.

६४१ च का? यामागची युक्ती ऑयलरने पुढे काही वर्षांनी मांडली. ती कागद घेऊन सावकाश वाच. समज, ‘भ’ हा तिचा मूळ भाजक आहे. मग २ च्या ३२ व्या घाताला ‘भ’ने भागल्यावर बाकी उणे १ येते, म्हणून ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधीच्या कोणत्याही घाताची बाकी १ येत नाही. का, ते तूच पडताळ. आता फर्माचा छोटा सिद्धांत आठव: (भ – १) व्या घाताची बाकीही १ असते. म्हणजे भ – १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. फर्माचा अंदाज फर्माच्याच सिद्धांतापुढे टिकला नाही, हे मला गणितातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

आता ६४ च्या पटींत १ मिळवत जा: ६५, १२९, १९३, २५७... त्यातल्या संयुक्त संख्या गाळल्या की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारालाच उत्तर! तुझ्या क्रमाने गेलीस तर मूळ संख्यांच्या रांगेत ६४१ चा नंबर ११६ वा आहे.

पुढच्या पत्रात मला एक गोष्ट लिहून पाठव. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. एवढ्यावरून, एकही लांबलचक भागाकार न मांडता, ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करता येते. ५ × १२८ चा चौथा घात करून बघ. ते जमले की लुकासचा १८७८ चा निष्कर्षही घे: ६४ च्या जागी १२८ घेतले तरी चालते, आणि मग तपासायला २५७ नंतर थेट ६४१ च येते.

तुझा,
मामा